वटवाघळाचा अग्रबाहू आणि घाटाचा पाऊस : सात महिन्यांच्या मोजमापाच्या नोंदी

नोंद १ : ९ जून

आमच्या महाविद्यालयाच्या आवारात खोट्या अशोकाची जुनी रांग आहे. तिच्याखाली रोज सकाळी पेरूच्या चोथ्याच्या, चघळून पिळून टाकलेल्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या गोळ्या पडलेल्या असतात. त्या टाकणारा प्राणी म्हणजे आखूड नाकाचे फळवटवाघूळ, सायनोप्टेरस स्फिंक्स. या जातीवर काम करायचे ठरवण्यामागे ती हाताशी आहे एवढेच कारण नव्हते. भारतीय द्वीपकल्पातील वटवाघळांपैकी हवामान आणि शरीराचा आकार यांचा संबंध या जातीत नीट तपासला गेलेला आहे. जे. एफ. स्टॉर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीच्या पूर्व उताराला समांतर अशा सुमारे १,२०० किलोमीटरच्या पट्ट्यात १२ ठिकाणची वटवाघळे मोजली आणि २००१ मध्ये दाखवून दिले की दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना ही वटवाघळे क्रमाने मोठी होत जातात. थंड प्रदेशातले प्राणी त्यांच्या उष्ण प्रदेशातल्या भाईबंदांपेक्षा मोठे असतात, हा कार्ल बर्गमन यांनी १८४७ मध्ये मांडलेला नियम उष्ण कटिबंधातल्या सस्तन प्राण्याला लागू पडल्याचे हे पहिल्या काही भक्कम उदाहरणांपैकी एक होय.

त्या अभ्यासात आकारवाढीचा संबंध तीन गोष्टींशी जुळला होता : किमान तापमान कमी असणे, हवेतील आर्द्रता जास्त असणे आणि ऋतूंमधला चढउतार तीव्र असणे. दक्षिणोत्तर रेषेवर या तिन्ही गोष्टी आकाराला एकाच दिशेने रेटतात, त्यामुळे कोणता हात किती हे वेगळे काढणे अवघड जाते. आमची कल्पना अशी की रेषाच फिरवावी. अक्षांश साधारण तोच ठेवून कोकणातून घाटमाथ्यावर आणि तिथून देशावर गेले, तर हिवाळ्यातील किमान तापमान उतरते आणि ऋतूंचा चढउतार वाढतो, पण आर्द्रता मात्र कमी होते. म्हणजे थंडी आणि चढउतार देशावरचे वटवाघूळ मोठे करू पाहतील आणि आर्द्रतेची घट त्याला लहान ठेवू पाहील. या ओढाताणीत कोण जिंकते, एवढाच प्रश्न.

नोंद २ : ३० जून

तीन आठवडे वाया गेले आणि त्याचा दोष सर्वस्वी माझा. जाळी लावून जिवंत वटवाघळे पकडावीत, अग्रबाहू (कोपर ते मनगट) मोजावा, वजन घ्यावे आणि सोडून द्यावे, असा मूळ आराखडा मी करून ठेवला होता. परवानगीचा अर्ज लिहायला बसलो तेव्हा विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेच्या रकान्यात काय लिहावे हे सुचेना. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने गोळा केलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली होती. हे २०२१ मध्येच प्रसिद्ध झालेले असूनही मी ते जमेस धरले नव्हते. वटवाघूळ हाताळणाऱ्या प्रत्येकाला आधी रेबीजची प्रतिबंधक लस, जाड हातमोजे, योग्य प्रतीचा मास्क, चावा बसल्यास काय करायचे याची लेखी पद्धत, आणि हे सारे शिकवणारा अनुभवी माणूस, यांतले आमच्याकडे काहीही नव्हते. अर्ज फाडला.

पर्याय म्हणून संग्रहालयातील नमुने घ्यायचे ठरले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सुरू केलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणापासून पश्चिम भारतातील वटवाघळांचे नमुने निरनिराळ्या संग्रहांत साठत आलेले आहेत. त्या सर्वेक्षणाची सुरुवात खानदेशापासून झाली, ही आमच्यासारख्या उत्तर महाराष्ट्रातल्या लोकांना सुखावणारी गोष्ट. आम्हाला मुंबईतल्या एका जुन्या संग्रहात काम करण्याची परवानगी दहा दिवसांत मिळाली. जिवंत प्राण्याचे वजन आता मिळणार नाही, याचे मला फारसे दुःख नाही. फळे खाऊन परतलेल्या आणि संध्याकाळी उपाशी निघालेल्या त्याच वटवाघळाच्या वजनात इतका फरक पडतो, आणि गाभण मादीच्या बाबतीत तर तो आणखी वाढतो, की आकाराचे माप म्हणून अग्रबाहूची लांबीच अधिक भरवशाची ठरते. हाड जेवणाने वाढत नाही.

नोंद ३ : १४ जुलै

संग्रहातला पहिला दिवस. खण ओढला की नॅफ्थलिनचा वास नाकात जातो. आत कापूस भरलेली, पंख मिटवून पोटावर निजवलेली वटवाघळे ओळीने, आणि प्रत्येकाच्या मागच्या पायाला दोऱ्याने बांधलेली पिवळट चिठ्ठी. तिथल्या संग्रहपालबाईंनी आधी हातमोजे पुढे केले आणि म्हणाल्या, "सर, ही जुनी कातडी आर्सेनिकच्या साबणाने राखलेली आहेत. मोजून झालं की हात धुतल्याशिवाय चहा नाही." ही सूचना इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण आम्ही ती कुठल्याही मार्गदर्शिकेत वाचलेली नव्हती.

अग्रबाहू मोजण्याची रीत सोपी वाटते : पंख मिटलेला असताना कोपराच्या बाहेरच्या टोकापासून मनगटाच्या पुढच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर. दुपारपर्यंत ३१ नमुने झाले. त्यानंतर लोभ सुटला. अग्रबाहूबरोबर बोटांची लांबीही घ्यावी, म्हणजे पंखाच्या घडणीवरून अधिवासाबद्दल काही बोलता येईल, असे मनात आले. एका नराचे तिसरे बोट घडीतून किंचित वर उचलले. वाळलेल्या चिंचेचे टरफल मोडावे तसा बारीक आवाज झाला आणि बोटाचे हाड सांध्यापाशी तुटले. नमुना स्वातंत्र्यापूर्वीचा होता. बाईंनी एक शब्द न बोलता पारदर्शक पाकीट आणले, तुटलेला तुकडा त्यात ठेवला, नमुन्याच्याच क्रमांकाची नवी चिठ्ठी लावली आणि तिच्यावर आजची तारीख व माझे नाव लिहायला सांगितले. सुक्या नमुन्यांची बोटे मोजण्याचा विचार तिथेच संपला.

नोंद ४ : १६ जुलै

परवाच्या ३१ नमुन्यांपैकी २० नमुने माझ्या विद्यार्थिनीने माझे आकडे न पाहता पुन्हा मोजले. आमच्या दोघांच्या मापांत सरासरी ०.६ मिलिमीटरचा फरक निघाला आणि तो बहुतेक वेळा एकाच दिशेने होता. माझी मापे मोठी येत होती. या जातीचा अग्रबाहू साधारण ६४ ते ७९ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. एका भागातल्या आणि दुसऱ्या भागातल्या सरासरीतला जो फरक आम्ही शोधत आहोत, तो दीड-दोन मिलिमीटरचा निघाला तरी पुष्कळ. मग ०.६ ची चूक घेऊन पुढे जाणे म्हणजे चाळणीने पाणी मोजणे.

कारणे दोन निघाली. पहिले असे की मी मनगटाच्या उंचवट्याच्या पुढे, अंगठ्याच्या मुळापर्यंत कॅलिपरचा जबडा नेत होतो आणि ती उंचवट्यावर थांबवत होती. दुसरे कारण कॅलिपरचे. ७५० रुपयांचा डिजिटल कॅलिपर घेतला होता. जबडे मिटल्यावर तो कधी शून्य दाखवी, कधी ०.२. मुंबईच्या जुलैतल्या हवेत तर दर अर्ध्या तासाला शून्य सरकत असे. तो बाजूला ठेवून ८,४०० रुपयांचा चांगला कॅलिपर मागवला. नवी शिस्त अशी : दर दहा नमुन्यांनंतर शून्य तपासणे, प्रत्येक नमुना तीन वेळा आणि तीन वेगळ्या दिवशी मोजणे, मोजणाऱ्याने चिठ्ठीवरचे गाव न वाचणे. हे शेवटचे विशेष महत्त्वाचे, कारण चिठ्ठीवर देशावरचे गाव दिसले की माझा हात जबडा किंचित सैल सोडतो की काय, अशी शंका मला स्वतःबद्दलच येऊ लागली होती. आता एक जण मोजतो, दुसरा लिहितो आणि चिठ्ठी घडी घालून झाकलेली असते. या शिस्तीनंतर फरक ०.२ मिलिमीटरवर आला. आधीची सगळी मापे रद्द केली. दोन दिवस गेले.

नोंद ५ : २ ऑगस्ट

आज ज्या चुकीबद्दल लिहितो आहे ती उघडकीस आली नसती, तर आमचा सगळा आलेख खोटा ठरला असता. सह्याद्रीच्या दक्षिण भागात याच वंशातली दुसरी जात, सायनोप्टेरस ब्रॅकिओटिस, सापडते. ती आकाराने लहान, कान आखूड. दोन्ही जाती एका ढिगात मिसळल्या तर दक्षिणेकडच्या दमट जंगलातील वटवाघळे लहान दिसतील आणि आपण ते हवामानाच्या खात्यावर जमा करू. त्यामुळे कानाची लांबी सुमारे १८ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर नमुना बाजूला काढायचा, असा नियम मी घातला आणि ९ नमुने काढले.

रात्री यादी पाहताना खटकले. त्यांतल्या एकाचा अग्रबाहू ७२ मिलिमीटर होता. एवढे मोठे ब्रॅकिओटिस असणे शक्य नाही. सकाळी त्याची चिठ्ठी पुन्हा उघडली, तर गोळा करणाऱ्याने ताज्या प्राण्यावर घेतलेली मापे तिच्यावर लिहिलेली होती आणि कान होता २१ मिलिमीटर. मी मोजला तेव्हा १६ भरला. कानाची कातडी वाळून, मुरडून आखडते, ही गोष्ट लोणच्याच्या फोडी उन्हात घालणाऱ्या कोणालाही सांगावी लागत नाही. मला मात्र ती नऊ नमुने बाद केल्यावर सुचली. जुन्या चिठ्ठ्यांवर डोके-धड, शेपूट, मागचा पाय आणि कान यांची ताजी मापे बहुधा असतात. कान तिथूनच घ्यावा, कातड्यावरून कधीही घेऊ नये. नऊपैकी सात नमुने परत आले, दोघांबद्दल शंका राहिली म्हणून ते वगळलेलेच ठेवले.

जाताजाता एक गोष्ट. स्फिंक्सचे पहिले वर्णन १७९७ मध्ये ज्या नमुन्यावरून झाले, तो तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीचा, म्हणजे तेव्हाच्या डॅनिश वसाहतीतला. ही जात दक्षिणेत लहान आणि उत्तरेत मोठी असल्याने तिचा नामधारक नमुना लहान टोकाकडचा आहे. उत्तरेकडचे दांडगे नर पाहून एखाद्याला ही वेगळीच जात वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही.

नोंद ६ : ११ ऑगस्ट

पिल्ले आणि तरुण वटवाघळे कशी ओळखायची यावर चार दिवस गेले. या जातीच्या माद्या वर्षातून दोनदा वितात, त्यामुळे जवळजवळ कोणत्याही महिन्यात गोळा केलेल्या नमुन्यांत अर्धवट वाढलेली वटवाघळे असतातच. जिवंत प्राण्याचा पंख उजेडासमोर धरला की बोटांच्या सांध्यांपाशी कूर्चेचे फिकट पट्टे दिसतात. प्रौढात ते भरून येतात आणि सांधा गाठीसारखा टणक होतो. सुकवण्याऐवजी स्पिरिटच्या बरणीत राखलेल्या नमुन्यांत हे सहज दिसले. सुक्या नमुन्यांत पंख उघडता येत नाही, आणि बोट मोडल्यानंतर तो उघडण्याची हिंमतही उरलेली नव्हती.

उपाय विद्यार्थिनीने काढला. ३५० रुपयांची पेनाएवढी बारीक टॉर्च मिटलेल्या पंखाच्या खालून, नमुन्याला स्पर्श न करता, सरकवायची आणि खोलीतला दिवा मालवायचा. वरच्या थरातील सांधे लालसर उजेडात दिसतात. जिथे तेही जमले नाही, तिथे वेगळ्या डबीत ठेवलेली कवटी पाहिली, कारण कवटीच्या तळाच्या हाडांमधला सांधा तरुण प्राण्यात उघडा असतो. एकूण २९ नमुने अप्रौढ ठरले. त्यांतले १८ एकट्या कोकणातले होते, कारण तिथला एक मोठा साठा पिल्ले वाढण्याच्या हंगामातला होता. ही पिल्ले तशीच राहिली असती, तर कोकणातली वटवाघळे लहान असतात असा निष्कर्ष आम्ही आनंदाने काढला असता आणि त्याला उबदार हवामानाचे कारणही चिकटवले असते.

नोंद ७ : ५ सप्टेंबर

गावांच्या नावांचा गोंधळ. चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश नसतात. 'कॅनरा' म्हणजे उत्तर की दक्षिण, 'धारवार' म्हणजे शहर की जिल्हा, हे कोडे सोडवता सोडवता नकाशेच पाठ झाले. सर्वांत त्रासदायक चिठ्ठी 'पूना डिस्ट्रिक्ट' अशी. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला मुळशीची डोंगरराने पावसाळाभर पाण्यात असतात आणि पूर्वेला बारामती-इंदापूरकडे टँकरची वाट पाहतात. जिल्हा एक, हवामाने तीन. साताऱ्याचे तेच : एका टोकाला महाबळेश्वर, दुसऱ्या टोकाला माणचा दुष्काळी टापू. उत्तर भारताच्या सपाटीवर जिल्ह्याचे नाव कदाचित चालून जाईल. सह्याद्रीत ते निरुपयोगी आहे, निदान पावसासाठी तरी. गाव न कळलेले २६ नमुने सोडून द्यावे लागले, आणि हे मला सगळ्यांत जास्त लागले. मोजून झालेला, प्रौढ, जात निश्चित झालेला नमुना केवळ पत्ता नाही म्हणून टाकायचा!

फुटांतली उंची मीटरमध्ये आणताना दोन ठिकाणी चुकलो. विद्यार्थिनीने पकडले. पुढे जातो.

नोंद ८ : २१ सप्टेंबर

प्रत्येक गावासाठी हवामानाचे आकडे वर्ल्डक्लिम या मुक्त संचातून घेतले. त्यात साधारण एक किलोमीटरच्या चौकटीपर्यंतचे तपशील मिळतात आणि सरासरी १९७० ते २००० या काळाची आहे. इथे तीन खड्डे आहेत आणि आम्ही तिन्हींत पडलो.

पहिला खड्डा एककांचा. संचाच्या जुन्या आवृत्तीत तापमान दहाने गुणून ठेवलेले असते, नव्या आवृत्तीत थेट अंशांत. माझ्या संगणकावर जुनी फाइल होती, विद्यार्थिनीने नवी उतरवली आणि दोन्ही एका तक्त्यात आल्या. एका गावाचे हिवाळी किमान तापमान १४२ अंश दिसले तेव्हा हसू आले. पण तापमानाच्या ऋतुमानी चढउताराचा रकाना नव्या आवृत्तीतही शंभराने गुणलेला असतो, तिथली चूक कोणालाही हसवत नाही आणि म्हणून लवकर सापडतही नाही.

दुसरा खड्डा आर्द्रतेचा. नेहमीच्या १९ जैवहवामान घटकांत आर्द्रता नाहीच. आमचा तर सगळा प्रश्न तिच्यावर उभा. बाष्पदाबाचे मासिक आकडे नव्या आवृत्तीत मिळतात म्हणून ते घेतले आणि पंधरा दिवस त्यांनाच आर्द्रता समजून काम केले. बाष्पदाब म्हणजे हवेत वाफ किती आहे ते, आणि सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला मावू शकेल त्या मानाने किती आहे ते. घाटमाथ्यावरच्या थंड हवेत वाफ कमी असूनही हवा ओलीचिंब असू शकते. महिन्याच्या तापमानावरून संपृक्त बाष्पदाब काढून टक्केवारी केली, तेव्हा घाटमाथ्याच्या गावांचा क्रमच बदलला.

तिसरा खड्डा चौकटीचा. फळवटवाघूळ रात्रीतून काही किलोमीटर फिरते, म्हणून एका चौकटीऐवजी पाच किलोमीटर त्रिज्येची सरासरी घ्यावी, असा शहाणपणाचा निर्णय मी घेतला. देशावर तो ठीक होता. महाबळेश्वरभोवती पाच किलोमीटरचे वर्तुळ काढले की पठार आणि कड्याखालचे सावित्रीचे खोरे एकाच सरासरीत येतात. उंचीत शेकडो मीटरचा फरक, आणि दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. निघालेली सरासरी वर्तुळातल्या एकाही जागेची नव्हती. घाटातल्या गावांसाठी शेवटी चिठ्ठीवरच्या उंचीशी जुळणाऱ्या चौकटीच घेतल्या.

एक दोष मात्र दुरुस्त होणारा नाही. नमुने आहेत १९११ पासूनचे आणि हवामान आहे १९७० नंतरचे. वटवाघळाचा आकार एका पिढीत हलत नाही असे मानले तर हे चालेल, पण तसे मानता येत नाही. जर्मनीतील व्युर्त्सबुर्गजवळच्या जंगलात बेखस्टाइन नावाच्या जातीच्या वटवाघळांच्या वसाहतींवर १९९६ पासून लक्ष ठेवलेले आहे, आणि तिथे उष्ण उन्हाळ्यात जन्मलेल्या माद्यांचे अग्रबाहू मोठे होतात, असे आढळले आहे. शिवाय तिथल्या मोठ्या माद्या तुलनेने लवकर मरतात. बर्गमनच्या नियमाच्या अगदी उलट दिशेला जाणारी ही गोष्ट एकाच जागी, काही वर्षांच्या अंतरात घडते. आम्ही निदान १९४७ च्या आधीचे आणि नंतरचे असा एक रकाना वाढवला.

नोंद ९ : ८ ऑक्टोबर

पहिला आलेख आला आणि दीड दिवस आम्ही खुशीत होतो. साडेसोळा ते एकोणीस अंश अक्षांशांच्या पट्ट्यात देशावरची वटवाघळे कोकणातल्यांपेक्षा सरासरी १.३ मिलिमीटरने मोठी दिसत होती. थंडीने आर्द्रतेला हरवले, असे मी फळ्यावर लिहिलेही.

मग लिंगाचा रकाना उघडला. देशावरच्या १७ नमुन्यांत १२ नर, तर कोकणातल्या ११ नमुन्यांत ४ नर. स्टॉर्झ यांच्याच अभ्यासात स्पष्ट नोंदवलेले आहे की या जातीत नर-मादीतला आकारभेद अक्षांशाबरोबर उलटतो : दक्षिणेत माद्या सरासरीने मोठ्या, उत्तरेत नर मोठे. त्याचा संबंध बहुधा नरांच्या स्पर्धेशी असावा, असे त्यांनी सुचवले आहे. पुण्यात एच. आर. भट आणि टी. एच. कुंझ यांनी १९९५ मध्ये वर्णन केले होते, त्याप्रमाणे भेर्ली माडाचे घोस आतून कुरतडून पोकळ केलेल्या जागांत ही वटवाघळे राहतात. एक नर आणि त्याच्याभोवती अनेक माद्या, असा त्यांचा संसार असतो. अशी जागा राखणाऱ्या नराला अंगापिंडाने मोठे असण्याचा फायदा होत असेल, तर नराचा आकार केवळ थंडी-पावसाने ठरणार नाही. हे मी जूनमध्येच वाचले होते, टिपणही काढले होते, आणि तरीही नर-माद्या एकत्र करून आलेख काढला.

वेगळे केल्यावर नरांमधला फरक ०.६ आणि माद्यांमधला ०.५ मिलिमीटर उरला. पाच-सात नमुन्यांच्या गटांत, जिथे एकाच गावची वटवाघळे एकमेकांपासून पावणेदोन-दोन मिलिमीटरने सहज वेगळी असतात, तिथे अर्धा मिलिमीटर नुसत्या योगायोगानेही पडतो. फळा पुसला.

नोंद १० : १६ नोव्हेंबर

अधिवासाच्या भागाबद्दल थोडक्यात, कारण त्यात हाती फारसे लागले नाही. दाट झाडीत वळणे घेत उडणाऱ्या वटवाघळांचे पंख आखूड व रुंद असतात आणि मोकळ्यावर लांब पल्ला मारणाऱ्यांचे लांब व निमुळते. पंखाच्या टोकाची लांबी तिसऱ्या बोटावरून आणि रुंदी पाचव्या बोटावरून अजमावता येते. म्हणून स्पिरिटमधल्या ३१ नमुन्यांचीच ही दोन बोटे मोजली. ओला पंख अलगद उघडतो, फक्त नमुना बरणीबाहेर दहा मिनिटांहून अधिक ठेवू नये आणि मधूनमधून ७० टक्के अल्कोहोलचा बोळा फिरवावा.

अडचण नमुन्यांची नव्हती, 'अधिवास' या रकान्याची होती. मी तो आजच्या उपग्रह नकाशावरून भरला होता. जिथे आज द्राक्षबाग किंवा वसाहत दिसते, तिथे नमुना घेतला तेव्हा काय होते हे मला कसे कळणार? चार गावांपुरते जुने गॅझेटियर चाळले आणि थांबलो. हा रकाना तक्त्यात आहे, पण विश्लेषणात घेतलेला नाही. त्यात घातलेले नऊ दिवस तसेच गेले.

नोंद ११ : ७ डिसेंबर

हिशेब. संग्रहात १४ दिवस काम केले, त्यांतले पाच पुन्हा मोजण्यात गेले. प्रवास आणि मुक्काम १९,६०० रुपये, दोन्ही कॅलिपर मिळून ९,१५०, हातमोजे व मास्क १,१५०, टॉर्च ३५०. एकूण ३०,२५० रुपये. पहिला कॅलिपर आता प्रयोगशाळेत दारे-खिडक्या मोजायला आहे.

मोजलेले नमुने ११८. दोन जातीच्या शंकेने गेले, २९ अप्रौढ, २६ बेपत्ता गावांचे, ६ लिंग न कळलेले. उरले ५५, आणि त्यांतले आमच्या अक्षांशपट्ट्यातले फक्त ३४ : कोकण ११, घाटमाथा ६, देश १७. असे काम करू पाहणाऱ्यांनी आधी ही गाळणी लक्षात घ्यावी. चार नमुने मोजावेत तेव्हा एक कामाचा निघतो. किती नमुने लागतील याचा हिशेब आम्ही शेवटी केला, तो सुरुवातीला करायला हवा होता. एका गटातील विचलन, म्हणजे मापांचा सरासरीभोवतीचा विखुर, १.८ मिलिमीटर धरले, तर दीड मिलिमीटरचा फरक खात्रीने पकडायला प्रत्येक गटात २३ नमुने पुरतात, पण ०.६ मिलिमीटरचा फरक पकडायला सुमारे १४० लागतात. तेही नर वेगळे आणि माद्या वेगळ्या. इतके नमुने एका संग्रहात नाहीत.

थंडी, आर्द्रता आणि ऋतूंचा चढउतार यांच्या ओढाताणीबद्दल म्हणून मी आज काहीही लिहू शकत नाही. एवढे म्हणता येईल की या पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना दिसणारा फरक, असलाच तर, लहान आहे आणि दक्षिणोत्तर रेषेवर दिसलेल्या ठळक वाढीसारखा नाही. कदाचित दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना फेडत असेल. कदाचित घाट हा वटवाघळाला अडथळाच नसेल आणि कोकण व देश यांच्यात पैदास होत राहून फरक टिकतच नसेल. हे दुसरे कारण मला जास्त पटते, पण त्यासाठी मोजपट्टी नव्हे, डीएनए लागेल.

नोंद १२ : १९ डिसेंबर

चाचणीसाठी राखून ठेवलेले दहा नमुने पाच महिन्यांनी पुन्हा मोजायला संग्रहात गेलो. माझी मापे जुलैच्या मानाने सरासरी ०.१ मिलिमीटरने वाढली आहेत, म्हणजे हात पुन्हा अंगठ्याच्या मुळाकडे सरकू लागला आहे. तक्त्यात मोजणाऱ्याचे नाव आणि तारीख असे दोन रकाने आहेत, तिथे ही नोंद टाकली.

निघताना संग्रहपालबाईंनी जुनी आवक नोंदवही उघडून दिली. देशावरच्या नरांतला सर्वांत मोठा, ७४.९ मिलिमीटरचा, ज्याच्या चिठ्ठीवर नुसते 'पूना' लिहिलेले होते आणि मी तो शहरातला धरला होता, त्याचा क्रमांक आम्ही वहीत शोधला. फिकट शाईत पुढच्या रकान्यात गाव होते : खंडाळा. देशावरचे नर आता ११, घाटमाथ्याचे नमुने ७, आणि कोकण व देश यांच्या नरांमधला फरक ०.६ वरून ०.३ मिलिमीटरवर आला आहे. बाकी 'पूना' चिठ्ठ्या चार आहेत. त्यांचे क्रमांक बाईंना लिहून दिले आहेत, जानेवारीत वही पुन्हा पाहायला जायचे आहे.